डोंगर उतरलेली माता कोणाच्या हिशेबी?

वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरांची शासकीय स्त्री-रुग्णालये लोकांच्या तोंडी अद्यापही दोन व्हाइसरॉयपत्नींच्या नावांनीच वावरतात. अमरावतीचे 'डफरीन' आणि अकोल्याचे 'लेडी हार्डिंग'. लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये हिंदी स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य मिळावे म्हणून निधी उभारला आणि त्यातून देशभर स्त्रियांचे दवाखाने उभे राहिले. प्रस्तुत लेखकाचा जन्म अकोल्याचा, आणि तोही याच 'लेडी हार्डिंग'मधला; मुलाचा जन्म अमरावतीच्या 'डफरीन'मधला. मध्यमवर्गाने आता खाजगी प्रसूतिगृहांची वाट धरली आहे. या दोन रुग्णालयांच्या ओसरीवर आज कोण बसलेले असते, हे त्यामुळे आपणांस क्वचितच दिसते. तेथे घटकाभर उभे राहिल्यास मराठीही नव्हे आणि हिंदीही नव्हे, अशी एक भाषा हमखास कानी पडते. ती कोरकू. संथाळी-मुंडारीच्या कुळातील ही भाषा सातपुड्याच्या कुशीत, धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांतून बोलली जाते. ती बोलणारी गर्भवती स्त्री आपल्या शहरात कशी आली, कोठे राहते, काय खाते आणि तिच्या पोटातील जीवाचे पुढे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

मेळघाट म्हटले की कुपोषण आणि बालमृत्यू, हे समीकरण आता सर्वांना पाठ झाले आहे. १९९३ च्या सुमारास तेथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. उच्च न्यायालयात याचिका गेल्या, १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, मंत्र्यांचे दौरे झाले, अहवालांचे गठ्ठे साचले. डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागडला आणि डॉ. आशीष सातव यांनी धारणीजवळच्या उतावलीला आयुष्य वेचले. त्या सर्वांविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपण आदिवासी मातेचा प्रश्न डोंगरावर नेऊन ठेवला आहे. तो तेथे आहे, आपण येथे आहोत, आणि मध्ये परतवाड्याचा घाट आहे, अशी आपली सोयीची समजूत आहे.

वस्तुस्थिती निराळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५ लाख आदिवासी होते. त्यांपैकी सुमारे १५ लाख, म्हणजे सातांतील एक, शहरांत नोंदला गेला. अमरावती जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण १४ टक्के, तर अकोल्यात साडेपाच टक्के होते. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये आदिवासी आरोग्यावरील अहवाल सादर केला. देशातील निम्म्याहून अधिक आदिवासी आता आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात, या गोष्टीकडे त्या अहवालाने लक्ष वेधले. यात दिवाळीनंतर येऊन होळीला परतणाऱ्या हंगामी मजुरांची भर घातली पाहिजे. सोयाबीन-हरभऱ्याची सोंगणी, कापसाची वेचणी, मोर्शी-वरुडच्या संत्राबागा, विटाभट्ट्या आणि शहरांभोवती रोज उठणाऱ्या नव्या वसाहती, हे सारे या हातांवर चालते. कोरकूंची होळी ही त्यांची दिवाळी. त्या वेळी बसगाड्यांच्या टपापर्यंत भरून माणसे गावी जातात आणि सण आटोपला की पुन्हा उतरतात. अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी वान रोड, धूळघाट करीत जंगलातून जात असे. ती २०१७ च्या आरंभी बंद झाली आणि त्या बाजूच्या गोरगरिबांचा स्वस्त रस्ताही बंद झाला. माणसांचे येणे मात्र थांबले नाही.

एका मजल्याचा हिशेब

हे सारे आकड्यांत सांगणे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला सोपे जाते. जे सोपे जात नाही, तेही येथे सांगणे प्राप्त आहे.

चार वर्षांपूर्वी मी आमच्या अमरावतीच्या घरावर वरचा मजला चढविला. काम ठेकेदाराला दिलेले होते, पण मजुरांचा हप्ता मी स्वतः वहीत मांडून देत असे. पैशाचा चोख हिशेब ठेवणे हा गुण मी वर्गात शिकवतो आणि घरीही पाळतो. कामावर धारणी तालुक्यातील एक कोरकू जोडपे होते. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ताडपत्रीचे पाल ठोकून ती राहत होती. रेजा म्हणून काम करणारी ती मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असावी. डोक्यावर विटांचे घमेले घेऊन ती दिवसभर जिना चढे-उतरे. तिला दिवस गेले आहेत हे माझ्या पत्नीच्या ध्यानात आले, तेव्हा सातवा महिना लागला होता. पत्नीने तिला दवाखान्यात पाठविले. एका आरोग्य केंद्रात ती नवऱ्याबरोबर गेली, पण तिचे कार्ड गावच्या घरी राहिले होते. कार्ड घेऊन या, असे तिला सांगण्यात आले, किंवा तसे सांगितल्याचे तिला वाटले. नेमके काय बोलणे झाले, हे भाषेअभावी तिला पुरते उमगले नव्हते. गावी जाऊन येण्यात दोन दिवसांची मजुरी बुडणार होती आणि ठेकेदाराची उचल फिटायची होती. ती गेली नाही.

आठव्या महिन्याच्या प्रारंभीच एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या. शहरातीलच एका रुग्णालयात मुलगा झाला. वजन एक किलो चारशे ग्रॅम. डॉक्टरांनी व परिचारिकांनी शर्थ केली, हे मी स्वतः पाहिले आहे. सहाव्या दिवशी मूल गेले. त्यानंतर दोन दिवसांनी नवरा उरलेली मजुरी मागण्यास आला. मी वही उघडली, दोघांचे खाडे मोजले, ते वजा केले आणि उरलेली रक्कम त्याच्या हाती ठेवली. त्याने ती न मोजता खिशात घातली. मी काय केले, हे तो फाटकाबाहेर गेल्यावर मला कळले.

आमच्या मुलाच्या वेळी पत्नीला, ती शिक्षिका असल्याने, पूर्ण पगारी सहा महिने रजा मिळाली होती. डोहाळजेवण झाले, माहेरपण झाले, जिना चढू नये म्हणून तिची खोली खाली हलविली गेली. त्याच जिन्यावरून दुसऱ्या एका गर्भवतीने विटा वाहिल्या. दोघींच्या बाळंतपणातील अंतर निसर्गाने ठरविलेले नव्हते.

जन्माचे वजन कोठे ठरते?

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल 'कमी वजनाचे' मानावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. हे वजन केवळ आनुवंशिकतेवर किंवा केवळ दवाखान्यातील उपचारांवर ठरत नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. त्या वेळी गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत असलेल्या मातांची मुले लक्षणीय हलकी जन्मली. त्या स्त्रियांचा वंश तोच होता, देश तोच होता. ताटातील अन्न तेवढे आटले होते.

फार दूर जाण्याचे कारण नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा १९९३ पासून दीर्घ अभ्यास केला. गरोदरपणी ज्या स्त्रियांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक होते, त्यांची मुले वजनाने सरस निघाली. आणि ज्या स्त्रिया गरोदरपणीही अतिश्रमाची कामे करीत होत्या, त्यांची मुले तुलनेने लहान जन्मली. अन्न आणि श्रम हे दोन्ही वैद्यकशास्त्राइतकेच अर्थशास्त्राचे विषय आहेत.

आता डोंगर उतरलेल्या कोरकू स्त्रीच्या बाबतीत या दोन्हींचे काय होते ते पाहावे. गावी कुटकी, ज्वारी, रानातील पालेभाज्या, कंद, मोहाची फुले असा काही ना काही आधार असतो. तो अपुरा असतो, पण विकत घ्यावा लागत नाही. शहरात चुलीचे सरपणही विकतचे. मजुरी हाती येते, परंतु तिच्यातून किराणा, उचलीचा हप्ता, गावी पाठवायचे पैसे आणि पुष्कळदा नवऱ्याची दारू वजा जाता ताटात भात आणि पातळ वरण उरते. रोख उत्पन्न वाढले म्हणजे पोषण सुधारतेच, हे पाठ्यपुस्तकी गृहीतक येथे कोसळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील दर शंभर गर्भवतींपैकी ५२ रक्तक्षयी आहेत. त्याच पाहणीत देशाचा अर्भक-मृत्युदर हजारी ३५, तर अनुसूचित जमातींचा सुमारे ४२ आढळला. त्यात विदर्भातील आदिवासींमध्ये व इतरही समाजांत आढळणाऱ्या सिकलसेलची भर पडते. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. ती वेळीच कळण्यासाठी गर्भवतीची तपासणी पहिल्या तिमाहीत व्हावी लागते. नेमके तेच स्थलांतरात हुकते.

योजना गावाला, माता वाऱ्यावर

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. योजनांची यादी लांब आहे. अनुसूचित क्षेत्रातील गर्भवतीस शेवटच्या तिमाहीपासून आणि बाळंतिणीस सहा महिन्यांपर्यंत एक वेळचे चौरस ताजे जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून चालू आहे. बाळंतपण नजीक आले की स्त्रीला दवाखान्याजवळ येऊन राहता यावे, म्हणून आदिवासी भागात 'माहेरघर' आहे. शासकीय रुग्णालयातील प्रसूती, औषधे, आहार व ने-आण विनामूल्य असावी, असे २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने ठरविले. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे.

परंतु यांतील कळीच्या योजना भूमीला बांधलेल्या आहेत, व्यक्तीला नव्हे. धारणी-चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. अमरावती व अकोला ही शहरे येत नाहीत. म्हणजे तीच स्त्री, तोच गर्भ, तीच भूक. पण घाट उतरताच तिचे जेवण बंद होते. माहेरघर डोंगरात आहे, जेथे ती त्या महिन्यांत नसते. शहरी वस्त्यांसाठी आशा सेविका नेमल्या आहेत खऱ्या, पण त्यांची नोंद वस्तीची असते. बांधकामावरील पाल ही वस्ती नव्हे. ते आज येथे, उद्या तेथे. गावच्या अंगणवाडीच्या वहीत ती 'स्थलांतरित' असते आणि शहरातील अंगणवाडीच्या वहीत ती नसतेच. स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०२१-२२ मध्ये 'महा-एमटीएस' ही संगणकीय व्यवस्था उभारली, ही योग्य दिशा होय. परंतु संगणकावरील नोंद तिच्या पालापर्यंत चालत जात नाही. त्यासाठी माणूस लागतो.

रोख साहाय्याची कथा अधिक उद्बोधक आहे. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा २०१७ मध्ये सुधारला गेला आणि संघटित क्षेत्रातील स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. हे उचितच झाले. परंतु असंघटित क्षेत्रातील रेजेला तो कायदा लाभत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने इतर सर्व गर्भवतींना किमान सहा हजार रुपये देण्याचे वचन दिले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने ते पहिल्या अपत्यापुरते पाच हजारांवर आणले, आणि २०२२ मध्ये दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजारांची सोय केली. तामिळनाडूने १९८७ मध्ये ३०० रुपयांपासून अशा साहाय्यास आरंभ केला आणि पुढे ते रोख व वस्तू मिळून १८,००० रुपयांपर्यंत नेले. आपल्या बांधकाम कामगार मंडळाच्या नियमांत नोंदीत कामगारास नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० व शस्त्रक्रियेच्या प्रसूतीसाठी २०,००० रुपयांची तरतूद आहे. मात्र नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. सहा ठेकेदारांकडे पंधरा-पंधरा दिवस राबणाऱ्या स्त्रीने तो कोणाकडून आणावा?

संधी-खर्च ही संकल्पना मी दरवर्षी शिकवितो. एका तपासणीसाठी तिला दिवसाची मजुरी, रिक्षाचे भाडे आणि मुकादमाची मर्जी एवढे गमवावे लागते. उपचार 'मोफत' असूनही तिला तो महाग पडतो. ती तपासणीस येत नाही याचे कारण तिचे अज्ञान असते, असे समजणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

दोष कोणाच्या माथी?

अशा वेळी अंधश्रद्धेकडे बोट दाखविले जाते. भूमकाकडे जाणे, तान्ह्या मुलाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डागणे, हे प्रकार घडतात. ते घोर आहेत आणि थांबलेच पाहिजेत. परंतु भूमका तिच्या भाषेत बोलतो, तिचे ऐकून घेतो आणि कार्ड मागत नाही, हेही विसरता येत नाही. ज्या खिडकीशी आपले बोलणे कळत नाही आणि जेथे आपल्यावर खेकसले जाते, त्या खिडकीशी कोण पुन्हा जाईल?

ऑस्ट्रेलियातील आदिवासींपैकी बहुसंख्य लोक आज शहरी भागांत राहतात. तो देश श्रीमंत आहे, तेथील रुग्णालये अद्ययावत आहेत, तरीही आदिवासी मातांच्या पोटी कमी वजनाची व अपुऱ्या दिवसांची मुले जन्मण्याचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळच अधिक राहिले. म्हणजे रुग्णालय जवळ असणे पुरेसे नसते. सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी १९७१ मध्ये स्वतःचा दवाखाना काढला. पुढे ब्रिस्बेन शहरात २०१३ पासून एक उपक्रम सुरू झाला. आदिवासी संस्था आणि रुग्णालय यांनी मिळून प्रत्येक गर्भवतीस आरंभापासून अखेरपर्यंत एकच ओळखीची सुईण व आपल्याच समाजातील मदतनीस स्त्री दिली. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय घटल्याचे दिसून आले. आपल्या गडचिरोलीचा धडाही याच जातीचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेतली आणि नवजात-मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ही गोष्ट जगापुढे ठेवली. यंत्रे दोन्हीकडे दुय्यम होती. ओळखीचे माणूस दारी जाणे महत्त्वाचे ठरले.

काय करता येईल

पहिली गोष्ट, अमृत आहाराचा हक्क क्षेत्राला नव्हे तर स्त्रीला जोडावा. मेळघाटात नोंदलेली गर्भवती वर्षाचे काही महिने अमरावती, अकोला, अकोट, परतवाडा येथे असते हे शासनास ठाऊक आहे. तेवढे महिने तिचे ताट तेथील अंगणवाडीत मांडले जावे. दुसरी, दोन्ही शहरांच्या स्त्री-रुग्णालयांत कोरकू जाणणाऱ्या स्त्रिया दुभाषी व सोबती म्हणून कायम वेतनावर नेमाव्यात. बारावी झालेल्या कोरकू मुली आज नोकरीच्या शोधात आहेत; माझ्या वर्गातच त्या बसतात. तिसरी, दिवाळी ते होळी या काळात मजुरांचे नाके, विटाभट्ट्या व बांधकामे यांची दर महिन्यास फिरती तपासणी व्हावी, आणि ती सायंकाळी व्हावी, म्हणजे मजुरी बुडणार नाही. चौथी, माहेरघर शहरातील रुग्णालयालगतही असावे. पाचवी, ९० दिवसांचा दाखला महापालिकेने स्वतः पुढाकार घेऊन नाक्यावरच द्यावा. यांपैकी एकाही सूचनेस नवा कायदा लागत नाही.

सहावी सूचना शासनास नाही. या पानाचे वाचक शिक्षक आहेत, कारकून आहेत, उद्याचे नोकरदार विद्यार्थी आहेत. आपणांपैकी पुष्कळांच्या आयुष्यात एकदा तरी घर बांधण्याचा योग येतो. कामावरील मजुरांत कोणी गर्भवती आहे का, एवढे आपण विचारावे. असल्यास तिला ओझ्यावरून काढून हलके काम द्यावे, तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नये, तिच्याबरोबर घरचे कोणी दवाखान्यात जावे आणि दाखल्यावर मालक म्हणून सही करावी. लाखो रुपयांच्या बांधकामात हा खर्च दोन-चार हजारांचा असेल.

त्या जोडप्याला मी पुढे शोधले. होळीला गेलेली ती माणसे त्या ठेकेदाराकडे परतली नाहीत. वजा केलेली मजुरी माझ्या वहीत तशीच आहे.